मागच्या गियरवरचा हार

रेवा, ईशान,

हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या बाबांना नाही, आईला नाही. देवापुढे हात जोडून उभी राहते तेव्हाही हे मी कधी पूर्ण वाक्यात म्हटलेलं नाही — अर्ध्यावर येऊन थांबते, आणि मग दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. अकरा वर्षं असं चाललंय. आता पुरे.

तुम्ही म्हणाल, आज्जी इंग्रजी शाळेत शिकलेली, नोकरीभर इंग्रजी पत्रं लिहिलेली, मग हे मराठीत का? ईशानला तर एकेक अक्षर लावून वाचायला लागेल. लागू दे. माझी नोकरी काय होती ते तुम्हाला नीट माहीत नसेल. बोटीने आलेला माल फुटला, भिजला, चेपला, की त्याबद्दलची पत्रं मी तयार करायची. ‘पेटी चेपलेल्या अवस्थेत आढळली.’ ‘हाताळणीदरम्यान नुकसान झाल्याचे दिसते.’ कुणाच्या हातून पडली ते त्या पत्रांत कधी नसायचं, आणि ते नसावं म्हणूनच साहेब ती पत्रं माझ्याकडे द्यायचे. मी त्यात फार हुशार होते. इंग्रजीत लिहायला बसले असते तर माझा हात आपोआप तसाच वळला असता. मराठीत मला ती सवय नाही.

तर.

गेल्या महिन्यात रविवारच्या कॉलवर ईशानने शाळेसाठी केलेलं पुठ्ठ्याचं घर दाखवलं. छप्पर एका बाजूला घसरलं होतं. तो म्हणाला, ‘आज्जी, मी बस्त्याव केला.’ तुम्ही दोघंही हसलात, मागून तुमची आईही हसली. मी विचारलं, बस्त्याव म्हणजे? तेव्हा रेवाने समजावून सांगितलं, की काम अर्धवट, निष्काळजीपणे केलं की आमच्या घरी त्याला बस्त्याव म्हणतात. बाबांच्या सायकलच्या गोष्टीवरून. तुला माहीत नाही, आज्जी?

मला माहीत नसेल?

मी काय केलं सांगू? मी हसले. तुमच्याबरोबर, स्क्रीनमध्ये बघून, दात दिसतील एवढी हसले. कॉल बंद झाल्यावर तशीच बसून राहिले. त्या दिवसापासून हे पत्र मनात लिहितेय.

बस्त्याव हा शब्द नाही, मुलांनो. तो माणूस आहे. जिवंत आहे. माझ्या घरापासून बसने अर्ध्या तासावर, तारोडीला राहतो. त्याच्या वडिलांची होडी होती. तो लहानपणापासून होडीच्या इंजिनात हात घालून वाढला, आणि पुढे सायकलींकडे वळला. रस्त्याला लागून त्याची पत्र्याची शेड होती. तेव्हा तुम्ही सगळे इथेच, भाईंदर पश्चिमेला, माझ्याजवळ राहत होता — म्हणजे रेवा होती, दोन वर्षांची. ईशान, तू अजून यायचा होतास. तुमचे बाबा, म्हणजे माझा अभय, दर रविवारी पहाटे माउंटन बाईक घेऊन मोरवा, डोंगरी करत उत्तनच्या टेकड्यांकडे जायचा. बरोबर आठ-दहा जण. त्या सगळ्यांच्या सायकली बस्त्यावकडे असायच्या.

बस्त्यावची एक सवय होती. काम झालं की तो सायकलच्या बरोब्बर मागे उकिडवा बसायचा, एक डोळा मिटायचा आणि मागच्या चकत्यांकडून खाली एका रेषेत बघायचा. मगच सायकल द्यायचा. अभय म्हणायचा, ‘आई, हा माणूस सायकलला डोळा मारतो. ती लाजली की म्हणतो, न्या.’

तो काय बघायचा, ते मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं. रेवाला हे पाठ असेल, ईशानसाठी लिहिते. गियरच्या सायकलला मागे दातेरी चकत्यांची चवड असते. साखळी एका चकतीवरून दुसरीवर ढकलण्यासाठी खाली एक छोटा हात लोंबत असतो, त्याला दोन इवलीशी चाकं. तो डिरेलर. आणि तो ज्या अंगठ्याएवढ्या तुकड्यावर टांगलेला असतो, तो हँगर. हँगर मऊ धातूचा असतो, मुद्दामच. सायकल आपटली तर तो वाकावा आणि सायकलचा सांगाडा वाचावा, म्हणून. ती इवलीशी चाकं आणि वरची चकती एका रेषेत आहेत की नाहीत, तेच बस्त्याव डोळा मिटून बघायचा.

हँगर वाकला तर काय करायचं, तेही लिहून ठेवते, कारण रेवा आता तिकडे जंगलात सायकल घेऊन जाते. जरासा वाकला असेल तर तो सरळ करता येतो, पण त्यासाठी लांब दांड्याचं एक हत्यार असतं, ते हँगरच्या भोकात बसवून चाकाच्या कडेशी चारी बाजूंनी अंतर मोजावं लागतं. नजरेने, अंदाजाने, हाताने ओढून नाही. एकदा वाकवून परत वाकवलेला धातू कमजोर होतो, तो बदलावा. आणि तोवर सगळ्यात हलक्या गियरला हात लावू नये. तिथे तो हात चाकाच्या तारांच्या अगदी जवळ जातो. साखळीची एखादी कडी आखडली, एखादा दात वाकला, हँगर थोडा तिरका झाला, ही सगळी लहान दुखणी आहेत. नीट होतात. फक्त कुणीतरी तोंड उघडून सांगावं लागतं, की असं असं झालंय.

बघा, मी पुन्हा फिरतेच आहे. मुद्द्यावर येते.

दसऱ्याला आपल्या घरी काय असायचं ते तुमच्या बाबांना विचारा. घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडायची — विळी, सुऱ्या, शिवणाची कात्री, माझा जुना टाइपरायटर, पाटा-वरवंटा. आणि वाहन म्हणून अभयची सायकल. दसऱ्याआधी बस्त्यावच्या शेडपुढे रांग लागायची. प्रत्येकाला सायकल लखलखीत हवी असायची. ‘आमच्यात पूजा न्हाय,’ तो म्हणायचा, ‘पन दसरा माझ्याच अंगनात.’ त्या वर्षी नवमीच्या संध्याकाळी अभय सायकल घेऊन आला. साखळी धुतलेली, चकत्या आरशासारख्या. ती टेम्पोतून आणली त्याने, चालवत नाही. पूजा झाल्याशिवाय आता तिच्यावर बसायचंसुद्धा नाही, म्हणाला. शुक्रवारी दसरा होता, रविवारी फेरी.

म्हणजे बस्त्यावच्या हातातून निघाल्यापासून रविवारच्या पहाटेपर्यंत त्या सायकलवर कुणी बसलं नाही. मधे फक्त एक माणूस तिच्याजवळ गेला.

दसऱ्याच्या सकाळी अभय आणि तुमची आई रेवाला घेऊन फुलं आणि आपट्याची पानं आणायला स्टेशनकडे गेले होते. मी गॅलरी पुसत होते. पाटा धुऊन भिंतीशी आडवा ठेवला होता. सायकलखालची फरशी पुसायची राहिली होती. अभय सांगून गेला होता, सायकल मी आल्यावर हलवीन. पण तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. मला कोपरा अर्धवट राहिलेला चालत नाही. मी ती एका हाताने धरली, दुसऱ्या हातात फडकं. ओली फरशी. तिला स्टँड नव्हता. पुढचं चाक वळलं, आणि ती माझ्या हातून सुटली आणि उजव्या अंगावर पडली. गियरच्या अंगावर. सरळ पाट्याच्या कडेवर.

आवाज फार मोठा नव्हता. शेजारच्या बाईंनी दारसुद्धा उघडलं नाही.

मी ती उभी केली. डिरेलरचा हात आत वळला होता, चाकाच्या तारांकडे. थोडासाच. माझ्या करंगळीच्या जाडीएवढा. अभयला सांगून टाकावं असं वाटलं का? हो, पहिल्यांदा तेच आलं मनात. घरात नियम माझाच होता — मोडलं तर जेवायच्या आधी सांगायचं. अभय नऊ वर्षांचा असताना त्याने थर्मास फोडून पलंगाखाली लपवला होता. तेव्हा मी त्याला सगळ्या पाहुण्यांसमोर उभं करून वदवून घेतलं होतं. ते पाहुणे अजून ती गोष्ट सांगतात. आणि आता तोच मुलगा आपट्याची पानं घेऊन वर येणार होता.

मी हत्यारांच्या डब्यातून पाना काढला. त्याला रुमाल गुंडाळला, ओरखडा उठू नये म्हणून — तेवढं मात्र सुचलं मला. आणि तो हात बाहेर ओढला. थोडा जास्तच आला. मग परत आत ढकलला. उभं राहून वरून पाहिलं तर सरळ दिसत होता. वरून. मागे बसून, डोळा मिटून पाहिलं नाही. बस्त्यावला तसं बघताना मी दहा वेळा पाहिलं होतं. पाहिलं असतं तर वाकडं आहे एवढं तरी दिसलं असतं. म्हणूनच पाहिलं नाही.

आणि मग हार.

ते तिघं झेंडूचे दोन हार घेऊन आले. एक दाराला, एक सायकलच्या हँडलला, असं ठरलं होतं. दाराचा हार मी सायकलला घातला, मागे, त्या डिरेलरवरून, असा की काहीच दिसू नये. अभय हसला. ‘आई, मागेसुद्धा?’ मी म्हटलं, ‘चाक फिरवतो तो तोच ना? मान त्याला नको?’ सगळ्यांना ते फार आवडलं. अभयने फोटो काढला. तुमच्या आईने दाराला आंब्याची पानं बांधली. मी डिरेलरला कुंकू लावलं. तो फोटो तुमच्या अल्बममध्ये आहे. रेवा माझ्या कडेवर आहे, आणि मी हार सारखा करतेय. सारखा नाही करत. झाकतेय.

शनिवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. मी गॅलरीत गेले, मागचं चाक जरा उचललं आणि हाताने पायडल फिरवलं. टक. एक फेरा, टक. पुन्हा टक. साखळी कुठेतरी अडखळत होती. मला यंत्रातलं काही कळत नाही, पण टाइपरायटरचं एक अक्षर अडलं की कानाला कळतं तसं कळलं. संध्याकाळ माझ्याजवळ होती. अख्खी संध्याकाळ. अभय तिथेच बसून बुटांच्या नाड्या बदलत होता. मी हार काढून निर्माल्यात टाकला, धाग्याचा एकही तुकडा राहू दिला नाही, आणि त्याला म्हटलं, उद्या लवकर झोपेतून उठवू का?

रविवारी सकाळी फोन आला. उत्तनकडच्या टेकडीवरच्या मातीच्या वाटेवर, चढावर, त्याने सगळ्यात हलका गियर टाकला. साखळी मोठ्या चकतीवर चढली आणि तो हात तारांत घुसला. चाक जागच्या जागी थांबलं. अभय नाही थांबला. चढ होता म्हणून वेग नव्हता. उतार असता तर मी आज तुम्हाला काय लिहिलं असतं? गळ्याजवळचं हाड मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात. रेवा, तू दोन्ही हात वर करून त्याच्यासमोर उभी राहायचीस आणि तो तुला उचलू शकायचा नाही. तू रडायचीस, मी तुला उचलून घ्यायची, आणि तो म्हणायचा, बरं झालं आई, तू आहेस.

सायकल परत आली. तारा तुटलेल्या, डिरेलर पिळवटून लोंबत होता. मित्रांनी पाहिली आणि एकमत झालं: बस्त्यावने हँगर नीट बसवला नाही. दसऱ्याच्या घाईत उरकलं असणार. अभयला ते पटत नव्हतं. त्याने मला विचारलं — अगदी सरळ विचारलं, माझ्याकडे बघून — ‘आई, सायकल घरात कुठे पडली-बिडली होती का?’

मी म्हटलं, ‘नाही.’

एवढंच. तीन दिवस मी काही बोलले नव्हते, त्याला लपवणं म्हणता येईल. हे मात्र खोटं. त्याने विचारलं, मी उत्तर दिलं. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. थर्मासवाली आई खोटं कशाला बोलेल?

तुम्हाला वाटेल हेच ते. नाही. अजून दोन गोष्टी आहेत.

पहिली. त्यांच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर सगळ्यांना सावध करायचं ठरलं. अभयचा उजवा हात गळ्यात. तो म्हणाला, आई, तूच टाइप कर, तुझं इंग्रजी चांगलं आहे. मी टाइप केलं. त्याने सांगितलेलं बोजड होतं, रागाचं होतं. मी ते नीट केलं. दोन वाक्यं काढली, एक घातलं. शांत, सभ्य, कुणी बोट ठेवू शकणार नाही असं. ‘अलीकडच्या अनुभवावरून गियरच्या सायकली इथे देण्याआधी सभासदांनी विचार करावा.’ खाली त्याच्या शेडचा पत्ता. रागाचा मेसेज लोक विसरले असते. माझा कुणी विसरलं नाही. महिनाभराने मी उत्तनच्या बसमधून गेले. पूर्वी रविवारी त्या शेडबाहेर सात-आठ सायकली टेकलेल्या असायच्या. एकही नव्हती.

दुसरी. मेसेज गेल्यावर दोन दिवसांनी बस्त्याव घरी आला. तीन मजले चढून. हातात वर्तमानपत्रात बांधलेले सुके बोंबील. अभय औषध घेऊन आत झोपला होता. बस्त्याव दारातच उभा राहिला, चपला काढल्या पण आत आला नाही. म्हणाला, ‘आंटी, मी बघून दिलेला. सरळ हाय म्हनून दिला.’ भांडायला आला नव्हता. नुसतं सांगायला आला होता. डोळे माझ्याकडे होते, मी काहीतरी म्हणेन म्हणून.

आणि मी काय म्हटलं? ‘होतं असं कधी कधी, बस्त्याव. तू मनाला लावून घेऊ नकोस. आमच्या मनात काही नाही.’

मी त्याला माफ केलं.

हे ते. हे मला म्हणता येत नव्हतं. सायकल पाडली, ते हातून झालं. खोटं बोलले, ते भीतीने म्हणता येईल. पण त्याच्या डोळ्यांत बघून, माझ्या चुकीची माफी त्याला दिली, वर त्याच्याकडून बोंबील घेतले, आणि संध्याकाळी तळून अभयला वाढले. तो म्हणाला, बस्त्याव माणूस वाईट नाही ग, फक्त काम निष्काळजी. मी म्हटलं, हो.

कारणं? कारणं माझ्याकडे पुष्कळ आहेत, अकरा वर्षं जमवलेली. त्यातलं एकही इथे लिहिणार नाही.

*

वरचं मंगळवारी लिहिलं. आज सोमवार आहे. मधे काय केलं ते लिहिते.

हे पत्र तुमच्याकडे येण्याआधी ज्याचं आहे त्याने ऐकायला हवं होतं. गुरुवारी सकाळची उत्तनची बस धरली आणि तारोडीला उतरले. शेड नाही आता तिथे. विचारत विचारत किनाऱ्याकडे गेले. ताडपत्रीखाली तो होडीचं इंजिन उघडून बसला होता. केस पांढरे झालेत, चष्मा दोरीने गळ्यात. मला ओळखायला वेळ लागला. मग म्हणाला, ‘अभयची आई ना? बसा ना आंटी.’ आणि एक उलटी बादली पुढे केली.

मी म्हटलं, आधी ऐक, मग बसते. आणि उभ्यानेच सांगितलं. सायकल मी पाडली. पाना लावून गियरचा हात मीच ओढला. अभयने विचारलं तेव्हा नाही म्हटलं. मेसेज मी लिहिला. तू दारात आलास तेव्हा मला सगळं माहीत होतं. पाठ करून गेले होते, वाक्यं चुकू नयेत म्हणून. चुकली नाहीत.

तो हात पुसत होता. बराच वेळ पुसत राहिला.

‘कंच्या अंगावर पडलेली?’ त्याने विचारलं.

‘उजव्या.’

‘कशावर?’

‘पाट्यावर. दगडी पाट्याच्या कडेवर.’

त्याने मान हलवली, एखादं गणित जुळावं तशी. मग इंजिनाकडे बघत बोलला, माझ्याकडे नाही. ‘त्यानंतर गियरची सायकल मी घेतली न्हाय, आंटी. लोक बंद झाले ते खरा हाय, पन थोडे यायचे. मीच परत धाडायचो. मना वाटायचा, माझी नजर गेली. घरी गेल्यावर कंची पन वस्तू एक डोला मिटून बघायचो, सरल हाय का वाकडी. बायको बोलायची, येडा झालास काय.’

 

‘तवा तुमी चांगल्या बोल्लात,’ तो म्हणाला. ‘म्हनून गप बसलो. तुमी शिव्या दिल्या असत्या ना, मी भांडलो असतो. सांगितला असता, चला, सायकल आना, दाखवतो. तुमी माफ केल्यावर भांडतात कसा?’

मग त्याने चष्मा चढवला आणि पाना उचलला. ‘बसा’ म्हणाला नाही पुन्हा. मी विचारलं, तुझ्या बाजूने मी काय करू ते सांग. तो म्हणाला, ‘मना कशाला सांगता? अभयला सांगा.’ एवढंच, आणि खाली वाकला. त्याने माफ केलं असं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण त्याने तसं केलं नाही, आणि मी तसं मागितलंही नाही. निघताना तोंडातून सवयीने ‘येते’ निघत होतं. ते मी गिळलं.

घरी येऊन त्या जुन्या ग्रुपमधल्या एकाला फोन केला. तो अजून इथेच राहतो, ग्रुपही चालू आहे. त्याने मला ग्रुपमध्ये घेतलं. म्हणाला, आजी, इतक्या वर्षांनी कशाला, अर्धे लोक नवीन आहेत. मी म्हटलं, नवीन लोकांनाही सायकली दुरुस्त कराव्या लागतात. मग मी लिहिलं, मराठीत: ‘अकरा वर्षांपूर्वी अभयच्या अपघाताबद्दल या ग्रुपवर मेसेज आला होता. तो मी लिहिला होता आणि तो खोटा होता. सायकल माझ्या हातून पडली, हँगर मी वाकवला, आणि विचारल्यावर मी नाही म्हटलं. बस्त्यावचं काम बरोबर होतं. निर्मला, अभयची आई.’ तीनदा वाचला. एकही शब्द सुबक केला नाही. पाठवला. काहींनी हात जोडलेली चित्रं टाकली, एकाने लिहिलं की आजी ग्रेट आहेत. मी त्याला उत्तर लिहिलं, की नाही, वर पुन्हा वाचा.

शनिवारी तुमच्या बाबांना फोन केला. हेच सगळं सांगितलं, याच क्रमाने.  शेवटी म्हणाला, ‘मी तुला विचारलं होतं, आई. आठवतंय?’ मी म्हटलं, ‘आठवतंय.’ तिकडच्या स्वयंपाकघरात कुणीतरी नळ सोडला होता. मग तो म्हणाला, ठेवतो. काल रविवार होता. कॉल आला नाही. तुम्हाला आईबाबांनी काय सांगितलं मला माहीत नाही, आणि तुम्हीही त्यांना विचारू नका.

हे पत्र मी त्यांच्या नावाने पाठवतेय, पाकीट न चिकटवता. त्यांनी आधी वाचावं. तुम्हाला द्यावं की न द्यावं, आज द्यावं की तुम्ही मोठे झाल्यावर, ते त्यांनी ठरवायचं. त्याबद्दल माझ्याकडून त्यांना वेगळी एकही ओळ जाणार नाही. तुम्ही हे वाचत असाल तर ते त्यांनी दिलं म्हणून. त्यांनी दिलं नाही तर ते बरोबरच आहे.

तुमची आज्जी